आबांच्या उजव्या हाताची परीक्षा

माझे वडील पाणाडे. म्हणजे जमिनीखाली पाणी कुठे आहे ते सांगणारे. पोटापाण्याचा धंदा शेतीचाच. नंदुरबार जिल्ह्यात प्रकाशा या तीर्थाजवळ, तापीकाठच्या आमच्या गावात कापूस, मिरची आणि अलीकडे पपई. पण शिवारात कुणाला बोअर मारायचा असला की आधी आबांना बोलावणं यायचं. आबा बांधावर चपला काढायचे, शेंडीचा नारळ उजव्या तळहातावर आडवा ठेवायचे आणि वावरातून हळूहळू चालायला लागायचे. चालता चालता एखाद्या जागी तो नारळ आपसूक उठायचा आणि तळहातावर उभा राहायचा. तिथे चुन्याची खूण व्हायची आणि तिथेच बोअर मारला जायचा.

यासाठी आबांनी कधी कुणाकडून काही घेतलं नाही. चहा घ्यायचे आणि पाणी लागल्यावर फोडलेल्या नारळातली एक वाटी घरी आणायचे. आमच्याकडे खोबऱ्याच्या चटणीला कधी तोटा पडला नाही तो त्यामुळे. चटणी फार खारट झाली की आई म्हणायची, हा नारळ खाऱ्या पाण्याच्या बोअरचा असणार.

अशा घरात गणिताची बाई निपजावी हा नशिबाचा विनोदच म्हणायचा. मी शहाद्यातल्या एका शाळेत शिकवते. आबांच्या नारळावर माझा लहानपणी पूर्ण विश्वास होता, कॉलेजात गेल्यावर अजिबात नव्हता, आणि नोकरी लागल्यावर मी त्या विषयाच्या वाटेला जाणंच सोडून दिलं होतं. बाप चांगला असला की त्याच्या नारळाशी भांडण काढायला जीव धजत नाही.

दहावीला संभाव्यतेचा धडा आहे. मुलांना नाणं उडवायला दिलं की ती खूश असतात. मग मी सोड्याच्या बाटलीचं पत्र्याचं बूच काढते आणि विचारते, हे उडवलं तर उताणं पडेल की पालथं? नाण्याचं न उडवता सांगता येतं, दोन्ही बाजू सारख्याच. बुचाचं तसं नसतं. ते पुन्हा पुन्हा उडवून बघावं लागतं, आणि किती वेळा काय पडलं त्यावरून पुढचा अंदाज बांधावा लागतो. पुस्तकात याला प्रायोगिक संभाव्यता असं जड नाव आहे. दर वर्षी एखादं पोर विचारतंच, "मॅडम, पण आता पुढच्या वेळी काय पडेल?" दर वर्षी मी सांगते, ते नाही सांगता येत, शंभर वेळचं सांगता येतं. पोर हिरमुसतं. मी पुढच्या उदाहरणाकडे वळते.

गेल्या वर्ष-दीड वर्षात आबांचं नाव एकदम फार वाढलं. पूर्वी नारळ उठायला अख्खं वावर पालथं घालावं लागायचं. कित्येकदा तर दिवसभर फिरून "आठे काही नही", म्हणजे इथे काही नाही, असं सांगून ते परत यायचे, आणि वावराचा मालक तोंड पाडून बसायचा. आता तसं होईना. वावरात दहा पावलं टाकली की नारळ उठायचा. आमच्या शेजारचे काका गावभर सांगत सुटले, "आबाना हात आते भलता तेज व्हयना. पहिले दिनभर फिरेत, आते पाय ठेवा का नारय उभा!" ऐकणारे माना डोलवायचे. वय वाढलं तशी हाताची ताकद वाढली, असा सगळ्यांचा हिशोब. तो कुणालाही चुकीचा वाटला नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही त्यात विचार करण्यासारखं काही दिसलं नाही.

हे नाव सातपुड्यात पोचलं. होळी झाल्यानंतरच्या एका रविवारी मी माहेरी आले होते, तेव्हा धडगावच्या पुढच्या एका पाड्यावरून दोन माणसं आली. एक तिथली अंगणवाडीची ताई आणि दुसरे तिचे काका. काका फक्त पावरी, तिकडची आदिवासी बोली, बोलत. ताई आमच्याशी शाळेतल्यासारखी नीटस मराठी बोलत होती. पाड्यावर एक बोअर मंजूर झाला होता. एकच. रस्ता असा की बोअरची गाडी पावसाआधी एकदा कशीबशी वर चढणार, आणि भोक कोरडं निघालं तर तशीच खाली उतरणार.

"मग परत कधी येईल?" आईने विचारलं.

"परत कोण देतं?" ताई म्हणाली. "बाया दरीतून पाणी आणतात. माझी आई त्याच वाटेवर पडली, तेव्हापासून नीट चालत नाही. आबा, तुम्ही या. तुम्ही दाखवाल तिथेच मारू."

आबांनी लगेच हो म्हटलं. तारीख ठरली, आईने शेवेची भाजी आणि भाकरी वाढली, काकांनी दोनदा वाटी पुढे केली, आणि दोघं दुपारच्या गाडीने परत गेले.

ते गेल्यावर मी तोंड उघडलं. माझा स्वभाव असा की मनात आलेलं ओठावर यायला वेळ लागत नाही, आणि एकदा आलं की परत जात नाही. मी म्हटलं, आबा, तिथे जाऊ नका.

"का बरं? दहामा सात जागे पानी लागेल शे. आख्खं गाव सांगी."

ते खरं होतं. पण त्याच्या पुढची गोष्टही खरी होती. दिवाळीच्या सुट्टीत मी गावात घरोघर चहा पीत हिंडले होते आणि सहज म्हणून सगळ्यांना त्यांच्या बोअरचं विचारलं होतं. ज्यांनी आबांना न विचारता, गाडी जिथे उभी राहिली तिथे बोअर मारला होता, त्यांच्यातही दहात सातच्या आसपास लोकांना पाणी लागलेलं होतं. आमच्या काळ्या खोल जमिनीत पाणी लागतंच. कुणाचं आधी, कुणाचं उशिरा. हे मी तोवर घरात बोलले नव्हते. चांगल्या बापाचं सांगितलंच आहे मी वर.

त्या दिवशी बोलले, कारण आता प्रश्न दुसऱ्यांच्या एकुलत्या एका भोकाचा होता. आबा हे ऐकून रागावले नाहीत, पण त्यांना पटलंही नाही. म्हणून मी त्यांच्याच धंद्यातली गोष्ट काढली. लहानपणी मी त्यांच्याबरोबर नंदुरबारच्या मिरची बाजारात जायची. तिथे व्यापारी अख्खा ढीग बघत बसत नाही. ढिगाच्या पोटात हात घालतो, मूठभर मिरची काढतो, देठ बघतो, मोडून बघतो, वास घेतो आणि बोली लावतो. ती मूठ म्हणजे वानगी. पण वानगी ज्या ढिगातून काढली त्याच ढिगाचं सांगते. शेजारच्या ढिगाचं नाही.

"आबा, तुमनी दहामा सातनी वानगी तापीकाठनी शे," मी म्हटलं. "ती दाखाडीसन डोंगरना ढीग कसा इकशात? तठे खाले निस्ता खडक शे."

बाजार काढला की त्यांना नाही म्हणता येत नाही, हे मला ठाऊक होतं. आबा म्हणाले, "मंग परीक्षा ले मन्ही. मी काय घाबरस का?"

"देवनं देनं शे ते," आई आतून ओरडली. "त्यानी कोनी परीक्षा लेतस का?"

"लेऊ दे तिले," आबा म्हणाले. मला वाटलं, म्हातारा हट्टाला पेटला. माझ्यावरच गेलाय असंही मनात आलं. खरं तर मी त्यांच्यावर गेले होते.

परीक्षा साधी होती. आमचं हरभऱ्याचं वावर नुकतंच रिकामं झालं होतं. आबांचे डोळे बांधायचे, त्यांना दोनदा जागेवर फिरवून दिशा विसरायला लावायची आणि मग दंड धरून वावरभर चालवायचं. नारळ उठेल तिथे आईने रांगोळीची चिमूट टाकायची. मग परत डोळे बांधून दुसरी फेरी, तिसरी फेरी. नारळाला खरंच काही कळत असेल तर तो दर फेरीला त्याच जागी उठला पाहिजे. फार काटेकोर नाही, पण खूण खुणेजवळ तरी पडली पाहिजे. हे सगळं मी आबांना आधीच समजावून सांगितलं. ते शाळेतल्या पोरासारखं ऐकत होते आणि मधूनमधून मान हलवत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं वावरात गेलो. पहिल्या फेरीत नारळ बोरीच्या झाडाजवळ उठला. आईने हात जोडले आणि रांगोळी टाकली. दुसऱ्या फेरीत तो बोरीजवळ उठलाच नाही. उठला तो पार दुसऱ्या टोकाला, नाल्याच्या बाजूला. तिसऱ्या फेरीत तर तीन ठिकाणी उठला.

"आखो एक फेरा," आबा म्हणाले.

मी त्यांना परत फिरवलं. मग परत. नारळ आता कुठेही उठत होता, थांबलं की थोड्या वेळात उठत होता. काळ्या मातीवर जिकडे तिकडे पांढऱ्या खुणा झाल्या होत्या. बांधावर शेजारचे काका येऊन उभे राहिले होते. त्यांना काय चाललंय ते कळलं नव्हतं, पण आनंद मात्र झाला होता. "आबा, आख्खा वावरखाले तापीच शे का काय!" ते ओरडले. आई हसली. मीही हसले असते, पण बापाची परीक्षा घेऊन त्याला नापास करायची वेळ आली की हसू येत नाही. मला वाईट वाटत होतं. आपण हे उगाच काढलं असं वाटत होतं.

आबांनी डोळ्यांवरचा टॉवेल काढला आणि सगळीकडे पाहिलं. बराच वेळ पाहत राहिले. मग परत म्हणाले, "आखो एक फेरा मार, बेटा."

"आबा, पुरे झालं."

"एकच."

आता माझ्यातली मास्तरीण जागी झाली. प्रयोग करायचाच तर नीट करायचा, कारण शोधायचं तर एकच गोष्ट बदलून बघायची, हे मी मुलांना सांगत असते. मी म्हटलं, यावेळी नारळ डाव्या हातावर ठेवा. आबांनी ठेवला. आम्ही अख्ख्या वावरातून फिरलो, बोरीजवळून, नाल्याजवळून, सगळ्या पांढऱ्या खुणांवरून. नारळ जागचा हलला नाही. डाव्या तळहातावर तो आडवाच्या आडवा पडून होता.

मी त्यांच्या उजव्या हाताकडे पाहिलं. तो बाजूला मोकळा सोडलेला होता. त्यात काहीही नव्हतं, आणि तरी अंगठा पहिल्या बोटावर घासत होता, तंबाखू मळताना घासतो तसा. आबांनी आयुष्यात तंबाखू खाल्लेली नाही. मनगटही हलत होतं, बारीक, एका लयीत. आमच्या शाळेतल्या एका सरांच्या आईचा हात मी असा हलताना पाहिला होता.

"आबा, हाऊ हात कव्हयपाइन कापस?"

त्यांनी हात चटकन मागे घेतला. "थंडीना कापत व्हई," ते म्हणाले. उन्हाने आम्हा तिघांचे चेहरे लाल झाले होते. बांधावरचे काका डोक्यावर उपरणं घेऊन उभे होते.

त्या क्षणी मला सगळं उलगडलं. हाताची ताकद वाढली नव्हती. हात थरथरत होता. थरथरत्या तळहातावर नारळ फार वेळ आडवा राहत नाही, कुठल्या तरी बाजूला उठतोच. दोन तालुक्यांतली माणसं वर्षभर ज्याला आबांचं तेज म्हणत होती, हात जोडत होती, ज्याच्यासाठी डोंगर उतरून येत होती, तो त्यांचा आजार होता.

नंदुरबारला मेंदूचे डॉक्टर आठवड्यातून एकदा येतात. त्यांनी आबांना चालायला लावलं, बोटं एकमेकांवर आपटायला लावली, कागदावर गोल गोल रेघ काढायला लावली. आबांची रेघ गोल फिरता फिरता बारीक होत गेली. डॉक्टरांनी कंपवात हे नाव सांगितलं आणि लगेच म्हणाले, घाबरू नका. बहुतेक लोकांचं गोळ्यांवर कितीतरी वर्षं चांगलं चालतं.

आबांनी ते नीट ऐकलं आणि विचारलं, "बहुतेक म्हंजे कोना ढीग, डॉक्टरसाहेब? वावरमा राबनारासना, का खुर्चीवर बठनारासना?"

डॉक्टर चमकले, मग हसून म्हणाले, "दोन्हींचा, आबा."

"आनि त्या ढीगमा मी कोनती मिरची शे?"

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या तक्त्याकडे पाहिलं. "ते आज नाही सांगता येणार," डॉक्टर म्हणाले. "गोळी सुरू करू. तीन महिन्यांनी तुमचं तुम्हीच मला सांगाल." ते चांगले माणूस होते, आणि उत्तर बरोबर होतं. मी वर्गात देते तेच उत्तर होतं ते. पण फळ्यापुढे उभं राहून ते देणं किती सोपं असतं, हे मला त्या खोलीत कळलं. शंभरातल्या बहुतेकांचं चांगलं चालतं यात माझं समाधान होईना. मला एकाचंच हवं होतं.

घरी आल्यावर मी म्हटलं, पाड्यावरच्या ताईला फोन करून कळवते, येणं जमत नाही म्हणून. आबा जेवायचे थांबले.

"फोनवर सांगाले मी काय चोर शे का? त्या डोंगर उतरीसन मन्हाकडे उनात. मी चढीसन जासू."

"काय सांगशात तठे जाईसन?"

"जे शे ते."

आईला हे पसंत नव्हतं. आजार घरात राहू दे, डोंगरावर कशाला न्यायचा, असं तिचं म्हणणं. मलाही मनातून वाटत होतं की तब्येतीचं निमित्त सांगून मोकळं व्हावं. पण आबांनी ठरलेल्या दिवशी धुतलेला शर्ट घातला आणि जीपमध्ये पुढे जाऊन बसले.

पाड्यावर सगळी माणसं जमली होती. अंगणवाडीपुढे खाट टाकली होती, खाटेवर नवीन चादर होती, आणि ताटात हळदकुंकू लावलेला नारळ. अंगणवाडीच्या मागे सपाट जागा होती, घरांच्या अगदी जवळ. ती आधीच झाडून ठेवली होती. कुणी तोंडाने बोललं नाही, पण तिथे पाणी निघावं अशी सगळ्यांची इच्छा होती, हे झाडलेल्या जागेवरून कळत होतं. दुसरी जागा खाली, नाल्याच्या काठी. तिथून हंडा घेऊन चढ चढावा लागणार होता. आबांनी नुसता हात पुढे केला असता तर नारळ त्या झाडलेल्या जागेवर उठला असता, आणि पाडा नाचला असता.

आबा खाटेवर बसले नाहीत. उभ्यानेच बोलले. "मन्हा हात आजारी शे. आते हाऊ कोठेबी कापस, म्हनीसन नारय कोठेबी उठस. आठे उठी, तठेबी उठी. मन्हावर इस्वास ठेईसन बोअर मारू नका." आणि त्यांनी उजवा हात सगळ्यांपुढे धरला. तो हलत होता.

ताईने ते पावरीत सांगितलं. सांगताना ती मध्येच अडखळली. मला वाटलं, आता ही माणसं चिडतील, आणि चिडली तर त्यांचं काय चुकलं? मग ताईचे ते काका पुढे आले. त्यांनी आबांचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला, उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला आणि काहीतरी विचारलं.

"ते विचारतात, दुखतो का?" ताई म्हणाली.

"नही," आबा म्हणाले. "दुखत नही."

एवढे दिवस मी डॉक्टर, गोळ्या, तपासण्या सगळं विचारलं होतं. हे विचारलं नव्हतं. आईनेही नव्हतं.

त्यानंतर खाटेवर बसून चहा झाला आणि मग खरं काम सुरू झालं. मी ताईला म्हटलं, आजूबाजूच्या पाड्यांवर आजवर कुठे कुठे बोअर मारले ते सगळ्यांना विचार. तुमच्या डोंगराची वानगी तुमच्याच डोंगरातून काढू. बाया पुढे सरकल्या. कुठल्या हापशाला उन्हाळ्यात पाणी असतं आणि कुठला दिवाळीलाच कोरडा पडतो हे त्यांच्याइतकं कुणाला पाठ असणार? अंगणात दगडांनी एक नाला आखला. ज्या बोअरला पाणी लागलं त्याच्या जागी पळसाचं पान, कोरड्याच्या जागी खडा. वाद झाले, एक पान दोनदा उचललं गेलं आणि परत ठेवलं गेलं. शेवटी पाहिलं तर नाल्याजवळ पानं जास्त होती आणि वरच्या बाजूला बहुतेक खडे.

पण मोजायला होतेच किती? थोडेच. मी तसं स्पष्ट सांगितलं. खाली पाणी लागेलच असं नाही, वर मारण्यापेक्षा खाली मारणं बरं, एवढंच हे सांगतंय. एक म्हातारी फणकाऱ्याने काहीतरी बोलली. ताईने हसत सांगितलं, "ती म्हणते, मग चढ काही सुटत नाही." नाही सुटत, मी म्हटलं. दरीपेक्षा लहान आहे, इतकंच. आणि मनात आलं, बाई, तू वर्गात असतीस तर मला फार त्रास दिला असतास.

त्यांनी खालची जागा ठरवली. मेमध्ये गाडी चढली, आणि पाणी लागलं. भरभरून नाही. हापसा मारून मारून दंड भरून येतात, आणि मेच्या शेवटी थोडा वेळ थांबावं लागतं. पण लागलं. शाळेतल्या मुलांना मी हे सांगते तेव्हा ती टाळ्या वाजवतात, आणि मी त्यांना दटावते की एका बोअरने काही सिद्ध होत नाही. दटावते, पण बरं मलाही वाटतं.

हे सगळं पुढचं. त्या दिवशी आम्ही दुपार कलल्यावर निघालो. जीपमध्ये मागे आम्ही दोघंच होतो. घाटात वळणामागून वळणं येत होती. आबा बाहेर बघत होते. मी म्हटलं, आबा, वाईट वाटून घेऊ नका. मी ती परीक्षा काढायलाच नको होती.

"माले ठाऊक व्हतं," ते म्हणाले.

"काय?"

"हात. दिवायीना पहिलेपाइन. शर्टनं बटन लागे ना. चहा सांडे. तुन्ही माय भायेर गयी का मी बटन लाई लेऊ."

"मंग सांगं का बरं नही?"

"सांगीसन काय? कदाचित नुसता थकवा व्हई, असं म्हनू मी. मंग तू परीक्षा काढी. माले बरंच वाटनं. तुन्ही परीक्षा पानीनी व्हती, बेटा. मन्ही हातनी व्हती. नारय येकच जागे उठना तर हात चांगला शे, असं मी मनमा धरेल व्हतं. उठना तो सगळीकडे. मी प्रत्येक फेराले त्याले सांगू, आते नको उठू. आते तरी नको उठू."

मी रडले. ड्रायव्हर आरशातून बघत होता तरी रडले. आबा डाव्या हाताने माझ्या पाठीवर थोपटत राहिले, आणि उजवा हात त्यांनी न लपवता मांडीवर तसाच हलू दिला. घाट उतरेपर्यंत तो तिथेच होता.